गंगाबाईंना मणका नव्हता

“या बाईंना केमो द्यायची नाही,” उगावकर म्हणाले आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

इतक्या सहज म्हणाले, की मला वाटलं साखरेबद्दल बोलताहेत.

“का बरं, सर?”

“उपयोग होणार नाही. मॉडेल सांगतंय.” बिस्किटाचा अर्धा तुकडा कपात पडला. तो चमच्यानं शोधत शोधत त्यांनी पुढचं सांगितलं. “उगाच कशाला बाईला त्रास? केस जाणार, उलट्या होणार आणि शेवटी गाठ आहे तिथंच. त्यापेक्षा घरी जाऊ दे, मुलाबाळांत राहू दे. यालाच करुणा म्हणतात, शैलजाबाई.”

करुणा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसानं गेल्या कित्येक महिन्यांत एकाही पेशंटच्या पोटाला हात लावला नव्हता. वॉर्डात राउंडला आले तरी नाकाला रुमाल लावून यायचे आणि दारातूनच परत फिरायचे. त्यांना आता करुणा सुचत होती, तीही चहासोबत.

डॉक्टर उगावकर आमच्या कॅन्सर हॉस्पिटलचे प्रमुख. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कोल्हापूर-सांगलीकडचं होतं एवढं पुरे. त्याच्या दोन इमारती. एक नवी, पुढून सगळी काचेची, आत एसी आणि नवंकोरं सीटी स्कॅनचं मशीन. तिथं पैसेवाले पेशंट. मागं जुनी इमारत, तिथं जनरल वॉर्ड आणि जुनं मशीन. मी दोन्हीकडची रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे स्कॅनची चित्रं वाचणारी डॉक्टर. आज निवृत्त आहे, त्यामुळे जीभ सैल सोडायला हरकत नाही.

उगावकरांचं त्या वेळी एक मोठं संशोधन चाललं होतं. अंडाशयाच्या कॅन्सरच्या गाठीत एक प्रथिन असतं. ते जास्त असलं की गाठ केमोच्या औषधाला भीक घालत नाही. ते मोजायचं तर ऑपरेशन करून गाठीचा तुकडा काढावा लागतो, गोठवावा लागतो, प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. सीटी स्कॅन मात्र प्रत्येकीचा होतोच. मग त्या चित्रात गाठीचा पोत कसा दिसतो, कुठं गुळगुळीत, कुठं रवाळ, ते कंप्युटरला शिकवायचं, आणि नुसत्या चित्रावरून प्रथिन ओळखायला लावायचं. कल्पना वाईट नव्हती. जगात हुशार माणसं हे काम नेकीनं करताहेत, त्यांच्याबद्दल माझा एक शब्द नाही. कल्पना बिचारी चुकीच्या हातात पडली, एवढंच.

माझं काम काय, तर प्रत्येक चित्रात गाठीभोवती माऊसनं रेघ ओढायची. बाकी सगळं कंप्युटर करणार आणि तो चालवणार अमोघ साठ्ये, बंगळूरला शिकून आलेला इंजिनियर. त्यानं जन्मात एकच पोट जवळून पाहिलं होतं, ते स्वतःचं. पण पोरगा मन लावून काम करायचा आणि त्याचं मॉडेल, म्हणजे असा शिकवलेला प्रोग्रॅम, दहात नऊ वेळा बरोबर यायचं. मॉडेल म्हणायचं प्रथिन जास्त, प्रयोगशाळा म्हणायची जास्त. उगावकर हवेत तरंगायला लागले. मुंबईहून डॉक्टर दस्तूर तपासणीला येणार होते. त्यांनी होकार दिला की हे मॉडेल आणखी हॉस्पिटलांत लागणार होतं. म्हणून उगावकरांना त्यांच्यासमोर एक जिवंत उदाहरण मांडायचं होतं: मॉडेलच्या शब्दावर जिची केमो वाचवली अशी पहिली बाई.

ती बाई म्हणजे जनरल वॉर्डातली हौसाक्का मगदूम.

“सर, जगभर अशा पेशंटना आधी केमो देतात. निम्म्याहून जास्त जणींना गुण येतो,” मी म्हणाले. “निदान देऊन तर बघू.”

“शैलजाबाई,” त्यांनी कप खाली ठेवला, “तुम्ही गोल काढा. छान काढता. निर्णय आम्ही घेतो.”

मी तिथून सरळ जुन्या इमारतीत गेले.

हौसाक्का शिरोळकडची. लग्नकार्यात स्वयंपाक करायची. दोन-दोन हजार पानं उठवणारी बाई, हात भट्टीवर राबून काळवंडलेले आणि आवाज मांडवाच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा. पोटात पाणी होऊन ते टम्म फुगलं होतं, तोंड तेवढं शाबूत होतं. आमच्याकडच्या खेड्यातल्या बायका स्वतःबद्दलही ‘करतो, जातो’ असंच बोलतात, तशीच तीही बोलायची.

“या, गोल काढायच्या बाई!” ती खाटेवरनंच ओरडली. कधीतरी मी तिला माझं काम समजावून सांगितलं होतं, ते तिनं बरोबर धरून ठेवलं होतं. “काय म्हणतंय माझं पोट?”

“पोट काय म्हणणार? तुम्ही काय म्हणता?”

“मी म्हणतोय आवशीद कवा सुरू करताय? हितं लोळून लोळून पाठ मोडली. आणि त्यो तुमचा वरणभात! अवो, मीठ तरी घालत जावा. कुनी केलाय त्यो? त्येला माज्याकडं पाठवा महिनाभर.”

मी हसले. पण शेजारी बसलेली तिची मुलगी राजश्री हसली नाही. तिचे डोळे सुजलेले होते.

“मॅडम, सकाळी छोटे डॉक्टर आलते,” ती म्हणाली. “म्हणाले, आईला घरी न्या. आवडीचं खायला घाला. औषध लागू पडणार नाही असं कंप्युटरनं सांगितलंय म्हणे. गुरुवारी मोठे डॉक्टर सही करणार आणि सोडणार.”

म्हणजे उगावकरांची करुणा आमच्या बोलण्याआधीच वॉर्डात पोचली होती.

“आवडीचं खायाला!” हौसाक्का उसळली. “म्या सगळ्या तालुक्याला खायाला घातलंय. मला न्हाई खायाचं, मला अजून वाढायचंय!” मग तिनं माझं मनगट धरलं. हात खरखरीत आणि गरम होता. “बाई, खरं सांगा. माझं संपलंय व्हय?”

“मला ठाऊक नाही, हौसाक्का.”

“ठाव न्हाई म्हणणारी पयलीच डाक्टर गावली,” ती म्हणाली. “ऐका. केस जाऊ द्यात. उलट्या हूं द्यात. मी बाळंतपणात वरडलो न्हाई, आता वरडतोय काय? एकदा आवशीद घालून बगा. न्हाई लागू झालं तर मी गुमान जातो. पर न घालताच जा म्हणू नगा.”

  मला सगळ्यात जास्त राग याचा आला, की ही बाई मागत होती ती काही मेहेरबानी नव्हती. ती साधा, पुस्तकातला, जगात सगळीकडे मिळणारा उपचार मागत होती. औषध वॉर्डाच्या कपाटात पडून होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या मशीनपाशी गेले. तिचा स्कॅन पुन्हा नीट पाहायचा होता. टेक्निशियन रोजची चाचणी घेत होता. सीटीचं मशीन कुठलंही असो, सकाळी पहिला पेशंट घ्यायच्या आधी त्यात पाण्याचा डबा ठेवतात. गोल, प्लास्टिकचा, झाकणबंद, आत नुसतं पाणी. त्याचा स्कॅन काढायचा. पाणी सगळीकडे सारखंच, तेव्हा चित्रही एकसारखं राखाडी यायला पाहिजे. तसं आलं की मशीन ठीक. इतकी वर्षं रोज होणारी गोष्ट, कोण लक्ष देतो?

त्या दिवशी मी दिलं. समोर पडद्यावर पाणी होतं, बाजूला हौसाक्काचं पोट. मी सहज दोन्ही मोठी करून पाहिली.

पाणी रवाळ दिसत होतं.

शिऱ्यासारखं. दाणा दाणा सुटलेला. आणि हौसाक्काच्या गाठीत नेमका तोच दाणा होता. गाठीत काय, तिच्या लिव्हरमध्येही होता, मांडीच्या स्नायूतही होता. मशीन म्हातारं झालं होतं, त्याची नजर खरबरीत झाली होती, आणि ते जे बघेल ते सगळं त्याला रवाळच दिसत होतं. ज्या दाण्याला उगावकर ‘गाठीचा उग्र स्वभाव’ म्हणून भाषणं ठोकत होते, तो गाठीचा नव्हताच.

मी जवळजवळ पळतच नव्या इमारतीत गेले. तिथल्या मशीनवरचं पाणी उघडून पाहिलं. सायीसारखं सपाट.

आता कुणीही शहाणा माणूस काय करील? वरिष्ठांकडे जाईल. मीही गेले. उगावकर केबिनमध्ये आरशासमोर टाय बांधून बघत होते. खुर्चीवर आणखी तीन टाय पडलेले.

“सर, जुन्या मशीनवर पाणीसुद्धा रवाळ दिसतं.”

“मग प्लंबरला बोलवा,” ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खदाखदा हसले.

“सर, चेष्टा नाही. मॉडेल गाठ ओळखत नाही. मॉडेल मशीन ओळखतंय. जुन्या मशीनवर गेलेली प्रत्येक बाई त्याला वाईट दिसते.”

त्यांचं हसू मावळलं, पण डोळ्यांत काळजी आली नाही. आली ती चीड. “असं? मग प्रयोगशाळेतलं प्रथिन का जुळतं? प्रथिन काय मशीन बघून वाढतं? ते तर पोटातून काढलेल्या तुकड्यात मोजतात. त्याचा नि तुमच्या मशीनचा काय संबंध?”

प्रश्न बरोबर होता. हेच तर वाईट वाटतं, दीडशहाणी माणसंही कधीकधी बरोबर प्रश्न विचारतात. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

“बघा!” त्यांनी टायची गाठ वर सरकवली. “परवा दस्तूर येताहेत. माझ्या कामात खुसपट काढू नका. तुम्ही गोल काढा.”

ठीक आहे, म्हटलं. काढते.

त्या दिवशी मी दोन गोल काढले, दोन्ही पाण्यात. एक जुन्या मशीनच्या डब्यात, एक नव्याच्या. चाचणीची चित्रं होती, कुणाचं काही जात नव्हतं. पहिलीला नाव दिलं गंगाबाई जलगावे, दुसरीला जनाबाई जलगावे. गुरुवारसाठी आणखी दोन केसेस म्हणून त्या अमोघकडे पाठवल्या. तो चित्र उघडून बघेल, मला येऊन विचारील, अशी मला मनातून आशा होती. कसलं काय! संध्याकाळी त्याचा निरोप आला, “थँक्यू मॅडम, दोन्ही रन झाल्या. खूप छान रिझल्ट.” चित्र बघायची पद्धतच उरली नव्हती त्या विभागात. गोल आत जायचा, आकडा बाहेर यायचा, आणि आकड्याला सगळे माना डोलवायचे.

मग उगावकरांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी जुन्या ऑपरेशन थिएटरकडे गेले. बुधवारचा अख्खा दिवस तिथल्या पॅसेजमध्ये ये-जा करत राहिले. जे पाहिलं ते दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं.

गुरुवारी बैठकीच्या खोलीत फुलदाणी आली होती. काजू आले होते. डॉक्टर दस्तूर म्हणजे मुंबईचे पारशी गृहस्थ, सत्तरी ओलांडलेले, हाताला सूक्ष्म कंप, पण डोळे घारीसारखे. उगावकर त्यांच्यापुढं इतके वाकत होते, की त्यांचा टाय काजूच्या बशीत पडत होता.

आधी हौसाक्काचं झालं. पडद्यावर आकडा आला, खाली लाल अक्षरात ‘प्रतिसाद नाही’. उगावकरांनी करुणेवर पाच मिनिटं भाषण दिलं.

“आणखी उदाहरणं आहेत, सर,” मी म्हणाले. “अमोघ, गंगाबाई जलगावे दाखव ना.”

उगावकरांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. त्यांना वाटलं, बाई वठणीवर आली.

पडद्यावर गंगाबाईंचा आकडा आला. लाल अक्षरं. उगावकर उठून उभे राहिले. “वा! ही तर मगदूमपेक्षाही वाईट. पाहा सर, पोताचा निर्देशांक बघा, काय उग्र गाठ आहे! या बाईला केमो देणं म्हणजे निव्वळ छळ. हिला आजच घरी पाठवावं अशी माझी शिफारस आहे.”

“आणि तिची बहीण, जनाबाई,” मी म्हणाले. “नव्या इमारतीतली.”

हिरवी अक्षरं. ‘उत्तम प्रतिसाद’.

“हे बघा!” उगावकरांनी टाळीच वाजवली. “सख्ख्या बहिणी! एका आईच्या पोटच्या! पण एकीची गाठ औषधाला दाद देणार नाही आणि दुसरीची विरघळून जाईल. साध्या डोळ्यांना हे कधी दिसलं असतं का?”

दस्तूर एक काजू चघळत होते. “अरे उगावकर,” ते म्हणाले, “हे आकडा आकडा काय दाखवते मला? आकडा तर मटक्यामधी पण येते. फोटो दाखव ना बाईचा.”

“फोटो काय सर, त्यात विशेष...”

“मी दाखवते,” मी म्हणाले आणि गंगाबाई पूर्ण पडद्यावर उघडल्या.

काळ्या पार्श्वभूमीवर एक राखाडी गोल. बस. दुसरं काही नाही.

 दस्तूरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “ह्या बाईला मणका नाय?”

“नाही सर.”

“लिवर पण नाय.”

“नाही.”

“आतडी, किडनी, कायपण नाय. मग हाय काय बाईमधी?”

“पाणी, सर. हा मशीन तपासायचा पाण्याचा डबा आहे. जनाबाई म्हणजे नव्या मशीनचा डबा.”

अमोघचा चेहरा पांढराफटक पडला. तो उठला, पडद्याजवळ गेला, आणि जन्मात पहिल्यांदा सीटी स्कॅन बघतोय असा त्या गोलाकडे बघत राहिला. तसं बघितलं तर ते खरंच होतं.

दस्तूर आधी खोकल्यासारखे हसले, मग मोठ्यानं हसले, मग त्यांना खरंच ठसका लागला आणि कुणीतरी पाणी आणलं. पाण्याचा ग्लास बघून ते आणखी हसले. “उगावकर, तू पाण्याला कॅन्सर सांगितला रे! आणि त्याला घरी पण पाठवला!”

उगावकर लालबुंद झाले होते. “हा पोरखेळ आहे! माझ्या विभागात, पाहुण्यांसमोर... आणि प्रथिनाचं काय? विचारा तिला! प्रयोगशाळेत प्रथिन का जुळतं?”

“ते मी काल बघून आले,” मी म्हणाले. “जनरल वॉर्डातल्या बायकांची ऑपरेशनं यादीत सगळ्यात शेवटी लागतात. गाठीचा तुकडा काढला की डबीत घालतात. तो लगेच गोठवायचा असतो. पण गोठवायची टाकी फक्त नव्या इमारतीत. तेव्हा ती डबी पॅसेजमधल्या खिडकीत ठेवतात. जेवणाच्या सुट्टीत न्यायला माणूस नसतो, लिफ्ट बंद असते. काल एक डबी दुपारभर उन्हात होती. मटण उन्हात राहिलं तर आपण घरी शिजवत नाही, सर. कापलेला तुकडाही काही वेळ गुदमरत असतो आणि त्या गुदमरण्यातच हे प्रथिन वाढतं. नव्या इमारतीतले तुकडे लगेच टाकीत जातात, त्यांचं वाढत नाही.”

“म्हणजे?” दस्तूर आता हसत नव्हते.

“म्हणजे जुन्या इमारतीतली बाई जुन्या मशीनवर जाते, आणि तिचाच तुकडा उन्हात पडतो. चित्रही खराब, प्रथिनही खराब. दोन्ही दर वेळी जुळतात. गाठीचा त्यात काही संबंध नाही. दुसरी टाकी जुन्या इमारतीत ठेवा म्हणून तिथल्या नर्सनी दोनदा सांगितलं होतं, हेही मला कालच कळलं. सर म्हणाले, तिथं कशाला, तिथली माणसं नीट सांभाळणार नाहीत.”

दस्तूर उगावकरांकडे वळले.

“मगदूम बाईला केमो कधी चालू करते?” दस्तूरांनी विचारलं.

“उद्या... उद्या बघतो,” उगावकर पुटपुटले.

“आज,” मी म्हणाले. “औषध वॉर्डातच आहे.”

त्या दुपारी हौसाक्काला सलाईन लागलं. मी तिच्या खाटेपाशी बसले होते. राजश्री आईचे पाय चेपत होती, मधूनच डोळे पुसत होती.

“मग त्या मशिननं माझ्यात काय वळखलं म्हणं?” हौसाक्कानं विचारलं.

“तुम्ही कुठल्या इमारतीत झोपता ते.”

ती पोट धरून हसली, दुखत होतं तरी हसली. “आगं बया! त्येला मशिन कशाला पायजे? मुतारीच्या वासावरनं आंधळा बी सांगंल की!”

औषध लागू पडलं. मी पुन्हा गोल काढला, या वेळी नव्या मशीनवर, आणि तो आधीच्या निम्मा आला. पुढं गाठ काढली. केस गेले, उलट्या झाल्या, आणि प्रत्येक उलटीला तिनं आमच्या स्वयंपाकघराचा उद्धार केला. महिन्याभरात वरणात मीठ यायला लागलं, ते तिच्यामुळंच.

उगावकरांना काय झालं, असं तुम्ही विचाराल. काय होणार? डोंबल! वर्ष उलटायच्या आत त्यांनी नवं व्याख्यान बसवलं, ‘कंप्युटरवर आंधळा विश्वास नको’. पहिल्याच चित्रात आमच्या गंगाबाई. गावोगाव जाऊन ते विचारायचे, “ओळखा पाहू, या बाईला मणका का नाही?” लोक हसायचे, टाळ्या द्यायचे. हे कुणाच्या लक्षात आलं, तर ‘आमच्या टीमच्या’. माझं नाव कधी शेवटी यायचं, कधी वेळ संपायची. त्या व्याख्यानासाठी त्यांना कुठल्याशा संस्थेचं मानपत्र मिळालं आणि हॉस्पिटलनं मंगल कार्यालयात त्यांचा सत्कार ठेवला. जेवण कुणाला सांगायचं म्हणून मला विचारलं. मी एकच नाव सांगितलं.

आज हौसाक्का नाही. दुखणं काही वर्षांनी परत आलं आणि त्या वेळी खरंच काही लागू पडलं नाही. ती म्हणाली होती तशी गुमान गेली. पण मधली सगळी वर्षं तिची होती. राजश्रीचं लग्न तिनं स्वतःच्या हातानं रांधून केलं, नातवाच्या बारशाला घुगऱ्या वाटल्या. हे सगळं एका खरबरीत चित्रापायी तिच्याकडून काढून घेणार होते, तेही करुणा म्हणून. माझा राग अजून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

तर सत्काराचं जेवण. अख्ख्या मसुराची आमटी, भरलं वांगं, बासुंदी. उगावकर शाल पांघरूनच जेवायला बसले होते. आमटीचे चार भुरके मारले आणि म्हणाले, “अप्रतिम! कोण आहे आचारी? बोलवा.”

हौसाक्का पदराला हात पुसत आली. केमोनंतर तिचे केस कुरळे आले होते, आखूड, करडे. तिच्या हातात आमटीची बादली होती. मी उगावकरांच्या समोरच्याच पानावर होते.

“वा बाई, हाताला काय चव आहे!” उगावकर म्हणाले. “कुठल्या तुम्ही?”

“जुन्या इमारतीतली,” हौसाक्का म्हणाली. “तिसऱ्या खाटंवरची.”

उगावकरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पुन्हा तिच्याकडे. घास हातात तसाच राहिला.

हौसाक्कानं बादलीतला डाव भरून वर उचलला आणि त्यांच्या पानावर धरला.

“अजून वाढू का डाक्टर?” ती म्हणाली. “का मशिनला इचारून सांगताय?”